तुटण्याची शिस्त

१३ सप्टेंबर १९८१. मोंझाला इटालियन ग्रां प्री चालू होती आणि शर्यतीचा तिसरा हिस्सा उरकला होता. लेस्मोच्या दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना जॉन वॉटसनची मॅक्लारेन कडेला फेकली गेली. चाकं उंचवट्यावर चढली, मागचा भाग सुटला, गाडीनं गिरकी घेतली आणि ट्रॅक आडवा ओलांडून ती पाठमोरी लोखंडी कठड्यावर आदळली. दणका असा बसला की इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची चाकं असा गाडीचा सबंध मागचा भाग उखडून बाजूला गेला. वॉटसन बसला होता ती काळी पेटी तेवढी पुढच्या चाकांसकट वेगळी उरली. टीव्हीवर हे पाहणाऱ्यांनी त्याची आशा सोडली असेल. वॉटसननं पट्टे सोडले आणि तो बाहेर आला. सांगण्यासारखी जखम एकही नव्हती.

याच मोंझात तीन वर्षांपूर्वी, १९७८ साली, शर्यत सुटता सुटता झालेल्या धडकेत रॉनी पीटरसनच्या पायांचा चुराडा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या लोटसचा पुढचा भाग त्याच्या पायांभोवतीच दुमडला होता. त्या काळच्या फॉर्म्युला वन गाड्यांचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा असे. पत्रे वाकवायचे, रिबेटांनी जोडायचे, मध्ये चालक बसवायचा. धडक बसली की पत्रा दबे आणि त्याच्याबरोबर आतला माणूसही. वाचला तरी पाय जायचे. क्ले रेगाझोनी १९८० साली लाँग बीचला कमरेखाली लुळा झाला तो कायमचा.

वॉटसनची पेटी कार्बन फायबरची होती. शर्यतीत उतरलेली ही अशी पहिलीच फॉर्म्युला वन गाडी, मॅक्लारेन एमपी ४/१. त्या मोसमाच्या सुरुवातीपासून या गाडीविषयी कुजबुज होती, की जोरात आदळली तर तिचा काळा धुरळा होईल आणि चालकाचे अवशेष त्यातून वेचावे लागतील. असं म्हणणारे मूर्ख नव्हते. कार्बन फायबरची तोवरची कीर्ती पाहिली तर शंका यावी असंच होतं.

ती कीर्ती कशी झाली ते पाहायला हवं. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत १९६३ च्या सुमारास विल्यम वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बळकट कार्बन तंतू बनवण्याची रीत बसवली. ॲक्रिलिकसारखा धागा ताणात ठेवून भाजायचा, मग हवा लागू न देता आणखी प्रचंड तापवायचा. बाकीचं सगळं उडून जातं आणि उरतो तो केसाहून कितीतरी बारीक, जवळपास निव्वळ कार्बनचा तंतू. ताणाला पोलादाहून बळकट, वजनाला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. रोल्स-रॉइसनं हा चमत्कार पाहिला आणि आपल्या नव्या आरबी २११ विमान इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती त्याचीच करायला घेतली. फिरणारं पातं हलकं झालं की सगळं इंजिन हलकं होतं, हा हिशेब चोख होता. मग पक्षी आदळण्याची चाचणी झाली. विमानाच्या इंजिनात पक्षी शिरतातच, म्हणून तोफेतून मेलेली कोंबडी फिरत्या पात्यांवर मारून पाहतात. पाती तुटली. कंपनीनं माघार घेऊन टायटॅनियमची पाती केली, पण तोवर खर्च हाताबाहेर गेला होता. ४ फेब्रुवारी १९७१ ला रोल्स-रॉइसचं दिवाळं वाजलं. त्याला कारणं अनेक होती, पण लोकांच्या लक्षात राहिली ती कोंबडी.

शर्यतीच्या जगाला त्याहून जवळचा अनुभव होता. १९७५ च्या स्पॅनिश ग्रां प्रीत, बार्सिलोनाच्या मोंझुइकवर, रोल्फ स्टॉमेलेन आघाडीवर असताना त्याच्या गाडीच्या मागच्या पंखाचा कार्बन फायबरचा आधार तुटला. पंख उडाला, गाडी कठड्यावरून पलीकडे गेली आणि तिथं उभ्या असलेल्यांपैकी काही जणांचे जीव गेले. धातूचा आधार असता तर तो आधी वाकला असता, मेकॅनिकच्या नजरेला तडा दिसला असता. कार्बननं सूचना दिली नाही.

याच्या मुळाशी एक साधा गुणधर्म आहे. साधं पोलाद ताणलं तर तुटण्याआधी वीस टक्क्यांहून जास्त लांबतं. कार्बन तंतू दीड टक्क्याच्या आसपास लांबतो आणि तुटतो. मधली पायरी नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियम धडकेची ऊर्जा गिळतात ते वाकून, चुण्या पडून. समोरासमोर आदळलेल्या मोटारीचं बॉनेट पाहा, चुणी न् चुणी मोजता येते. ज्याला वाकताच येत नाही त्यानं ऊर्जा कुठं घालवायची? १९८१ मध्ये विचारण्याजोगा प्रश्न हाच होता आणि फॉर्म्युला वनमध्ये त्याचं नेमकं उत्तर कुणाजवळ असेल असं वाटत नाही. गाडी बनवणाऱ्याजवळही.

गाडी बनवणारा जॉन बर्नार्ड. हा इंग्लिश डिझायनर त्याआधी अमेरिकेत चॅपरल २के नावाची इंडी गाडी बनवून आला होता, आणि तीच गाडी १९८० ची इंडियानापोलिस ५०० जिंकली. हवेच्या जोरावर गाडी जमिनीला चिकटवून ठेवायचे ते दिवस होते. चालकाच्या दोन्ही बाजूंनी गाडीच्या पोटाखालून हवेचे बोगदे काढायचे. बोगदे जितके रुंद तितकी पकड जास्त. म्हणजे मधली पेटी जमेल तेवढी अरुंद हवी. पण पत्र्याची पेटी अरुंद केली की ती पिळवटते, आणि पेटी पिळवटू लागली की सस्पेन्शन कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. बर्नार्डला हवा होता तो ताठपणा. अपघाताचा विचार त्यात मागून आला. याला पुढं दूरदृष्टी म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. त्यानं एक अडचण सोडवली आणि दुसरी, कितीतरी मोठी, अडचण आपोआप निम्मी सुटली. इतिहासात असं बरेचदा होतं, आणि त्यानं बर्नार्डचं काही कमी होत नाही.

वेब्रिजला ब्रिटिश एरोस्पेसच्या कारखान्यात त्यानं आरबी २११ चीच इंजिनाची आवरणं कार्बनमध्ये घडताना पाहिली. ज्या इंजिनानं कार्बनचं नाव घालवलं त्याच इंजिनाच्या टरफलानं त्याला वाट दाखवली. मात्र अख्खी पेटी करून द्यायला इंग्लंडमध्ये कुणी पुढं येईना. रॉन डेनिसनं नुकतीच आपली प्रोजेक्ट फोर ही कंपनी मॅक्लारेनमध्ये विलीन केली होती, पैसा मार्लबरोचा होता आणि वेळ थोडा. तेव्हा स्टीव्ह निकल्स या अमेरिकन इंजिनिअरनं नाव सुचवलं ते सॉल्ट लेक सिटीच्या हर्क्युलिस कंपनीचं. तिचा धंदा क्षेपणास्त्रांच्या रॉकेट मोटरींचा. शर्यतीशी काडीचा संबंध नाही, त्यामुळे भीतीही नाही. त्यांनी काम घेतलं.

कृती अशी होती. कार्बनचं कापड आधीच राळेत भिजवून थंडगार पेटीत ठेवलेलं असतं, बाहेर राहिलं तर राळ आपली आपण मुरायला लागते. ते कापून ॲल्युमिनियमच्या साच्यावर थरावर थर घालायचं. एका थराचे तंतू लांबीच्या दिशेनं, पुढच्याचे तिरपे, त्यापुढच्याचे आडवे, जिथं जसा ताण येणार तसे. मध्ये षटकोनी घरांची पातळ ॲल्युमिनियमची जाळी, वरून पुन्हा कापड. मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, भाजायचं. शेवटी आतला साचा सुटा करून चालकाच्या बसायच्या भोकातून तुकड्या-तुकड्यानं बाहेर काढायचा. पत्र्याच्या सांगाड्यात जिथं ढीगभर तुकडे आणि शेकड्यांनी रिबेट लागत, तिथं आता मोजके मोठे भाग. १८ जुलै १९८१ ला सिल्व्हरस्टोनला वॉटसननं ब्रिटिश ग्रां प्री जिंकली आणि गाडी वेगवान आहे की नाही हा वाद मिटला. दुसरा वाद मिटायला मोंझा यावं लागलं. तोवर संघातला दुसरा चालक आंद्रेआ दे चेझारिस इतक्या वेळा गाड्या आपटून बसला होता की एका शर्यतीत संघानं त्याची गाडी मागंच घेतली. पेट्यांची परीक्षा तोही आपल्या परीनं घेत होता.

मोंझाच्या त्या अपघाताची आख्यायिका झाली आहे, म्हणून तिच्याकडे जरा चिकित्सेनं पाहायला हवं. १९६७ च्या लोटस ४९ पासून इंजिन हाच सांगाड्याचा भाग झालेला होता. पेटीच्या पाठीशी ते मोजक्या बोल्टांनी जखडलेलं असे आणि मागची चाकं इंजिन-गिअरबॉक्सलाच लटकलेली. वॉटसनची गाडी पाठमोरी आदळली, म्हणजे पहिला मार खाल्ला तो गिअरबॉक्सनं. तो सगळा जड भाग तुटून वेगळा झाला तेव्हा धडकेच्या ऊर्जेचा मोठा वाटा आपल्याबरोबर घेऊन गेला. कार्बनच्या पेटीचं खरं कर्तृत्व हे, की बोल्ट उखडताना ती फाटली नाही आणि चालकाभोवती दुमडली नाही. चालकाभोवतीची जागा तशीच राहणं हे फार मोठं काम आहे. पण ऊर्जा गिळण्याचं काम त्या दिवशी कार्बननं फारसं केलंच नाही. नाकानं सरळ भिंतीवर गेली असती तर गोष्ट कशी वळली असती, कुणी सांगावं.

कार्बन ऊर्जा गिळू शकतो का, याचं उत्तर तोवर दुसरीकडे शोधलं जात होतं. फोर्ड मोटर कंपनीत पी. एच. थॉर्नटन यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस संमिश्र पदार्थांच्या नळ्या दाबयंत्राखाली चिरडून पाहिल्या. पुढं डेरेक हल यांनी इंग्लंडमध्ये त्याचं शास्त्र नीट लावलं. त्यातली गंमत अशी. दोन्ही टोकं सपाट कापलेली कार्बनची नळी उभी धरून दाबली, तर भार वाढत वाढत जातो आणि एकाएकी नळीच्या मधोमध फटकन तडा जाऊन तिचे दोन-चार मोठे तुकडे होतात. संपलं. ऊर्जा फारशी खर्ची पडलीच नाही. आता तीच नळी घ्या आणि एका टोकाची कड फक्त तिरपी तासा. तिरप्या कडेला बारीक जागेवर भार एकवटतो, तिथून चुरडायला सुरुवात होते आणि मग ती चूर एका लयीत खाली सरकत जाते. बाभळीची काडी दातवणासाठी चावत गेलं की टोक कसं पिंजत जातं, तसं भिंतीचे थर सुटून तंतू आत-बाहेर पिंजले जातात. प्रत्येक तंतू पुन्हा पुन्हा मोडतो, थर थरापासून सोलतो, राळेची भुकटी होते, आणि हे सगळं एकमेकांवर घासत राहतं. त्या घासण्यातही ऊर्जा जाते, आणि थोडीथोडकी नाही. भार जवळपास स्थिर राहतो, म्हणजे आतल्या माणसाला एकसारखा ब्रेक लागत जातो. वजनास वजन धरलं तर चांगली बेतलेली कार्बनची नळी धातूच्या नळीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा खाऊ शकते. ठिसूळपणा हाच जिचा दोष, त्या वस्तूला लक्ष वेळा तुटायला लावायचं. ते कुठून सुरू व्हावं आणि कुठल्या क्रमानं व्हावं, ते मात्र आपण ठरवायचं.

यात अट मोठी आहे. मार सरळ बसला पाहिजे. तिरका बसला तर नळी बुडातूनच कडाडून मोडते आणि चुरडण्याची पाळीच येत नाही. धातू अशा वेळी चुकलामाकला तरी वाकून काही ना काही काम करतो. कार्बन ती माफी देत नाही.

बाकीच्या संघांनी मॅक्लारेनचा कित्ता लगेच गिरवला असं नाही. १९८२ च्या मे महिन्यात बेल्जियममध्ये झोल्डरला जिल व्हिलनव्हची फेरारी दुसऱ्या गाडीच्या चाकावरून उडाली आणि तो आसनासकट बाहेर फेकला जाऊन मरण पावला. ऑगस्टमध्ये हॉकेनहाइमला पावसात त्याचाच सहकारी दिदिए पिरोनी पुढच्या गाडीवर चढला. पाय इतके मोडले की तो पुन्हा फॉर्म्युला वनमध्ये दिसला नाही. त्या फेरारीचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमच्या जाळीचा होता. पुढच्या वर्षी फेरारीनंही पूर्ण कार्बनची पेटी केली. ऐंशीचं दशक सरेपर्यंत पत्र्याचे सांगाडे गेले.

खरा बदल नियमांनी आणला. १९८५ पासून नाकाची धडक-चाचणी सक्तीची झाली. १९८८ पासून चालकाचे पाय पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे आले. त्यानंतर बाजूची, मागची, डोक्यावरच्या कमानीची अशा चाचण्या वाढत गेल्या. नाकाची चाचणी कडक होत होत पुढं अशी झाली: ७८० किलोंचा गाडा सेकंदाला १५ मीटरच्या वेगानं, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरनं, भिंतीवर नेऊन आपटायचा. गणित करून पाहा, ही सुमारे ८८ हजार ज्यूल ऊर्जा होते. एवढं वजन साडेअकरा मीटर उंचीवरून खाली टाकावं तेवढी. ती सगळी काही किलो वजनाच्या नाकानं चुरडून खायची आणि मागच्या पेटीला ओरखडासुद्धा उठता कामा नये. इथं कामाची वाटणी झाली. नाकानं, बाजूच्या आणि मागच्या नळकांड्यांनी मरायचं. पेटीनं मुळीच हलायचं नाही. एकाच काळ्या कापडातून दोन विरुद्ध स्वभावाच्या वस्तू घडवायच्या, फक्त थरांच्या दिशा आणि जाडी बदलून. एखादं नाक चाचणीत नापास झालं की इंजिनिअरांची रात्र थर वाढवण्यात किंवा, बरेचदा, कमी करण्यात जायची. फार बळकट नाकही नापासच. ते चुरडत नाही आणि सगळा धक्का आत पाठवतं.

नुसत्या कार्बनच्या नावानं जीव वाचत नाही हे २८ सप्टेंबर १९९० ला स्पेनच्या हेरेझला दिसलं. मार्टिन डॉनेलीची लोटस सस्पेन्शन तुटल्यानं कठड्यावर गेली आणि अक्षरशः विखुरली. पेटी उरलीच नाही. पाठीला आसनाचा तुकडा बांधलेल्या अवस्थेत डॉनेली ट्रॅकच्या मधोमध पडला होता आणि बाजूनं गाड्या जात होत्या. तो वाचला तो प्राध्यापक सिड वॉटकिन्स आणि त्यांच्या वैद्यकीय पथकामुळे. दहा वर्षांपूर्वी ज्याची भीती घातली जात होती ते हेच. माझ्या मते मोंझाइतकंच हेरेझही या इतिहासात महत्त्वाचं आहे, पण त्याची आठवण कमी काढली जाते, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

आणि १९९४ चं इमोला. शनिवारी रोलांड राट्झेनबर्गर गेला, रविवारी आयर्टन सेना. सेनाच्या विल्यम्सची पेटी बऱ्याच अंशी शाबूत होती. जीव घेतला तो उखडलेल्या पुढच्या चाकाबरोबर आलेल्या सस्पेन्शनच्या भागानं. राट्झेनबर्गरला कवटीच्या तळाचा अस्थिभंग मारून गेला. पेटी टिकली तरी आतलं डोकं थांबत नाही, हे त्यातून पुन्हा कळलं. मानेला आधार देणारं हान्स हे साधन २००३ पासून सक्तीचं झालं. चाकं दोरांनी बांधली गेली. कार्बनच्या आणखी एका दुबळेपणावर इलाज झाला तो २००७ मध्ये: टोकदार वस्तूसमोर हा पदार्थ भोसकला जातो, म्हणून पेटीच्या दोन्ही बाजूंना झायलॉन या चिवट तंतूचे पत्रे आले. कार्बननं ताठपणा द्यायचा, झायलॉननं अडवायचं.

त्याच वर्षी १० जूनला माँट्रियलला रॉबर्ट कुबिट्साची बीएमडब्ल्यू सॉबर भिंतीवर गेली. नाक गेलं, चारही बाजू गेल्या, चालकाचे बूट बाहेर दिसत होते. मोजयंत्रात ७५ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ७५ पट, झटका नोंदला गेला. कुबिट्साला मुरगळलेला घोटा आणि डोक्याला किरकोळ मार; एक शर्यत चुकवून तो परतला. २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनमध्ये रोमें ग्रोझाँची हास ताशी १९२ किलोमीटरनं लोखंडी कठड्यात घुसली, ६७ जी. इंजिन मागं राहिलं, पेटी कठडा फाडून पलीकडे अडकली, आग लागली आणि सुमारे २७ सेकंदांनी ग्रोझाँ स्वतः चढून बाहेर आला. डोक्याभोवतीची टायटॅनियमची कमान, म्हणजे हेलो, नसती तर पेटीचा उपयोग नव्हता, हेही तितकंच खरं.

रस्त्यावरच्या मोटारीत ही विद्या उतरली ती अर्धीच. १९९२ च्या मॅक्लारेन एफ १ ला सबंध कार्बनची पेटी होती. तिचा पहिला नमुना नामिबियात चाचणीच्या वेळी उलटून जळून गेला, चालक सुखरूप निघाला. पण लाखोंच्या संख्येनं गाडी विकायची तर गोष्ट वेगळी. २०१३ मध्ये बीएमडब्ल्यूनं आय ३ आणली तेव्हा माणसं बसायची पेटी कार्बनची केली आणि तिच्या खालची चौकट, पुढचे-मागचे चुरडायचे भाग मात्र ॲल्युमिनियमचे. शहरात अपघात कुठल्या कोनातून होईल हे कुणी नियमात लिहून देत नाही. शिवाय दुरुस्तीचा प्रश्न. ॲल्युमिनियमला पोचा पडला की दिसतो. कार्बनचा वरचा थर चकचकीत राहून आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. ठोकून आवाज ऐकावा लागतो, नाहीतर अल्ट्रासाउंड लावावा लागतो. शर्यतीचा संघ संशय आला की पेटी तपासतो आणि गरज पडली तर टाकून देतो. गाडीमालकाला ते परवडत नाही. म्हणून आय ३ साठी बीएमडब्ल्यूनं ठरावीक रेषा आखून दिल्या: तिथं कापायचं, नवा तयार तुकडा आणायचा आणि डिंकानं चिकटवायचा. २०२२ मध्ये ती गाडी बंद झाली. नंतरच्या गाड्यांत बीएमडब्ल्यूनं कार्बन ठेवला, पण पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या सोबतीनं, जिथं ताठपणा हवा तेवढ्याच जागी. चुरडायचं काम धातूकडेच राहिलं आहे.